पिनबॉलच्या फ्लिपरचा जोर : कॉइल बदलण्याआधी काय तपासावे?

पिनबॉल हे यंत्र आपल्याकडे फारसे रुळले नाही. काचेखाली उतरता लाकडी तक्ता, त्यावर धावणारी पोलादी गोळी आणि तळाशी गोळीला परत वर टोलवणारे दोन छोटे दांडे, असे त्याचे रूप. या दांड्यांनाच फ्लिपर म्हणतात. अमेरिकेतील शिकागो शहर हे या धंद्याचे माहेरघर होय. गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या तिथल्याच. गॉटलीब १९९६ साली बंद झाली आणि विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल बनविणे सोडले. परंतु त्यांची तीस-चाळीस, काही तर साठ वर्षांची यंत्रे अमेरिकेत व युरोपात शौकीन लोक आजही विकत घेतात, चालू करून घेतात आणि पुन्हा विकतात. त्यांचे सुटे भागही अजून बनतात. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला तिथे काम आहे. आपल्याकडेही जुन्या चिजांच्या व्यापारात एखादे यंत्र अधूनमधून येते आणि मग ते वायंडिंगवाल्याच्या किंवा रेडिओ-टीव्ही मिस्त्रीच्या दारात उभे राहते.

अशा यंत्राची तक्रार बहुतेक एकच असते : "फ्लिपरमध्ये दम नाही, गोळी वरपर्यंत जात नाही." यावर कारागीर पटकन दोनपैकी एक निदान करतो. एक, कॉइल म्हातारी झाली. दोन, व्होल्टेज वाढवा. दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. तांब्याची तार वयाने अशक्त होत नाही. कॉइल एक तर चांगली असते, नाही तर जळलेली. जोर कमी होतो तो कॉइलपर्यंत येणाऱ्या वाटेत आणि कॉइलच्या पुढच्या हालणाऱ्या भागांत. जुन्या यंत्रांवर फ्लिपरचा जोर कमी-जास्त करायला कोणतेही बटण किंवा स्क्रू दिलेला नाही. तेव्हा जोर "वाढवणे" असे काही करायचे नसून हरवलेला जोर शोधून परत आणायचा असतो.

हे काम आपल्या कारागिरांना वाटते तितके परके नाही. ट्रकच्या सेल्फचा सोलेनॉइड ज्याने एकदा उघडला असेल त्याला फ्लिपर समजायला पाच मिनिटे पुरतात. सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये दोन वायंडिंग असतात. जाड तारेचे वायंडिंग प्लंजरला झटक्याने ओढते, बारीक तारेचे त्याला जागेवर धरून ठेवते, आणि प्लंजर आत पोहोचताच जाड वायंडिंगचे काम संपते. फ्लिपरच्या कॉइलमध्येही तेच आहे. खेळणाऱ्याने पेटीच्या बाजूची गुंडी दाबली की प्रवाह जाड वायंडिंगमधून धावतो, प्लंजर आत खेचला जातो आणि त्याला लिंकने जोडलेला फ्लिपर वर उसळतो. फ्लिपर वर पोहोचताना त्याच्या बुडातील दांडी एका पत्तीच्या स्विचला ढकलून उघडते. तोवर हा स्विच बारीक वायंडिंगला बगल देऊन प्रवाह नेत होता. तो उघडला की प्रवाहाला बारीक तारेतून जावे लागते, प्रवाह एकदम घटतो, आणि गुंडी दाबून ठेवली तरी कॉइल तापत नाही.

या स्विचला कारागीर लोक इंग्रजी अक्षरांवरून 'ईओएस' म्हणतात, म्हणजे फटक्याच्या शेवटी उघडणारा स्विच. त्याचे महत्त्व आकड्यांत पाहा. विल्यम्सच्या शेवटच्या काळातील एका कॉइलमध्ये जाड वायंडिंग सुमारे ४.७ ओहम आणि बारीक सुमारे १६० ओहम असते. ५० व्होल्ट धरले तर जाड वायंडिंगमधून दहा अँपियरहून अधिक प्रवाह जातो, म्हणजे पाचशे वॅटच्या वर. एवढ्याशा रिळात पाचशे वॅट! क्षणभर ते चालते, कारण फटका क्षणातच संपतो. स्विच उघडलाच नाही तर कॉइल लवकरच धूर सोडते. उलट बारीक वायंडिंगमधून जाणारा प्रवाह एक तृतीयांश अँपियरहूनही कमी असतो.

आता जोर कुठे हरवतो ते पाहू. सोयीसाठी डीसी पुरवठ्याचे उदाहरण घेऊ. पुरवठा २४ व्होल्ट आणि जाड वायंडिंग ४ ओहम असेल तर प्रवाह ६ अँपियर. वाटेत कुठे काळ्या पडलेल्या पॉइंटमुळे फक्त एक ओहम वाढला, तर एकूण ५ ओहम झाले आणि प्रवाह ४.८ अँपियरवर आला. प्रवाह पाचव्या हिश्श्याने घटला. परंतु कॉइलची ओढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.८ चा वर्ग ०.६४. म्हणजे फ्लिपरचा तिसरा हिस्सा जोर एका ओहमने खाल्ला. ट्रान्झिस्टर रेडिओच्या कामात एक ओहमकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. इथे मात्र तोच सारा खेळ बिघडवतो, आणि मीटरवर तो सहजी दिसतही नाही, कारण स्वस्त मीटरच्या दोन तारांचाच अर्धा ओहम असतो. मीटरची टोके आधी एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करावा.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम दोन्ही फ्लिपर दाबून पाहावेत. दोन्ही सारखेच ढिले असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत आहे : ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, फ्यूजची सैल झालेली चिमटी, नाही तर जळका कनेक्टर. एकच ढिला असेल तर दोष त्याच्याच अंगात आहे आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावण्याचे कारण नाही. ही साधी गोष्ट पुष्कळ वेळ वाचवते.

त्यानंतर प्लग काढावा, थोडे थांबावे आणि ढिला फ्लिपर बोटाने हळूच वर उचलून सोडावा. तो कुठेही न अडखळता वर गेला पाहिजे आणि आपोआप खाली आला पाहिजे. अडखळत असेल तर वीज नंतर, आधी लोखंड. प्लंजरचे टोक वर्षानुवर्षे मागच्या थांब्यावर आपटून छत्रीसारखे पसरते आणि नळीत घासते. कॉइलमधील नळी नव्या यंत्रांत नायलॉनची, बऱ्याच जुन्या यंत्रांत धातूची असते. ती झिजते किंवा काळ्या भुकटीने भरते. लिंकचे भोक लांबट होते, आणि मग कॉइलने ओढलेला पहिला थोडा पल्ला नुसती ढिलाई भरून काढण्यातच जातो. फ्लिपरचा बुश फुटलेला असतो, किंवा फ्लिपर इतका खाली बसवलेला असतो की तक्त्याला घासतो. फ्लिपर आणि तक्ता यांच्यात उभी, अगदी बारीक फट हवी. परत आणणारी स्प्रिंग कोणीतरी नको तितकी कडक लावलेली असते. कॉइलला तिच्याशीही झुंजावे लागते.

इथे एक ठळक ताकीद. प्लंजर आणि नळी यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. मशीनला तेल देणे हा आपल्या हाताचा धर्म आहे, तो इथे आवरावा. तेलाला धूळ आणि धातूची भुकटी चिकटते, तिची लेई होते आणि थोड्याच दिवसांत फ्लिपर पहिल्यापेक्षा मंद होतो. नळी नवी घालावी, प्लंजरचे पसरलेले टोक कानसून गोल करावे किंवा प्लंजर बदलावा आणि दोन्ही कोरडेच ठेवावे.

लोखंड ठीक झाले की पॉइंटकडे वळावे. जोर खाणारे पॉइंट दोन ठिकाणी आहेत : पेटीच्या गुंडीचा स्विच आणि ईओएस. जुन्या यंत्रांत कॉइलचा पूर्ण प्रवाह या दोघांतून जातो, दर फटक्याला ठिणगी पडते आणि स्कूटरच्या सीबी पॉइंटसारखे ते काळे-खडबडीत होतात. कोणता पॉइंट दोषी आहे हे ओळखण्याची खात्रीची रीत अशी. यंत्र बंद असताना दोन चिमट्यांची एक तार ईओएसच्या दोन टोकांना लावावी, मग यंत्र चालू करून गुंडी अगदी क्षणभरच दाबावी. फ्लिपरने जोरात उसळी घेतली तर दोष ईओएसचा. काही फरक नसेल तर यंत्र बंद करून तार काढावी आणि गुंडीच्या स्विचला हाताने न दाबता, दाबून धरलेल्या स्थितीत मीटरने तपासावे. ईओएसला तार लावलेली असताना गुंडी धरून ठेवली तर कॉइल जळेल, हे शागीर्दाला दोनदा सांगावे.

पॉइंट टंगस्टनचे असतील तर बारीक कानशीने साफ करावेत. ते कठीण असतात, नुसत्या कागदाने निघत नाहीत. दोन्ही तोंडे सपाट मिळतील असे पाहावे. नंतर पत्ती बुडाशी वाकवून अशी बसवावी की फ्लिपर खाली असताना पॉइंट घट्ट मिटलेले राहतील आणि तो पूर्ण वर गेल्यावरच सुमारे एक सोळांश ते एक अष्टमांश इंच उघडतील. लवकर उघडले तर फटका अर्ध्यात मरतो. उघडलेच नाहीत तर कॉइल जळते. सगळी ॲडजस्टमेंट म्हणजे खरे तर ही एवढीच पत्ती आहे, आणि ती नीट बसवायला नजर आणि सबुरी लागते.

मात्र सर्वच यंत्रांना ही रीत लागू नाही. विल्यम्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फ्लिपर इलेक्ट्रॉनिक सर्किटने चालवायला घेतले. त्यांत ईओएस आधी उघडा असतो आणि फटक्याच्या शेवटी मिटतो, म्हणजे अगदी उलट, आणि त्यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो. त्याचे पॉइंट मुलामा दिलेले असतात. त्यांवर कानस चालवली तर मुलामा गेला म्हणून समजा. तिथे जाड कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढणे पुरते. म्हणून कानस उचलण्यापूर्वी यंत्र कोणत्या काळातले आहे ते पाहावे.

एवढे सर्व करूनही कॉइल बदलणे किंवा नव्याने भरणे भाग पडेल, तर वायंडिंगच्या बंधूंसाठी पुढील माहिती फार कामाची आहे. अमेरिकन कॉइलच्या कागदावर तिचा सगळा नुस्खा छापलेला असतो. उदाहरणार्थ, विल्यम्सच्या एका सर्वपरिचित कॉइलवर 'एफएल-२३/६००-३०/२६००' असे लिहिलेले असते. याचा अर्थ २३ गेज तारेचे ६०० फेरे आणि ३० गेज तारेचे २६०० फेरे. पहिले ओढीचे वायंडिंग, दुसरे धरण्याचे. परंतु हे गेज अमेरिकन आहे. आपल्या बाजारात तार मिळते ती एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजने. अमेरिकन २३ गेजची तार ०.५७ मिलिमीटर असते; आपली २३ गेजची ०.६१ असते, तर २४ गेजची ०.५६ म्हणजे जवळची. बारीक तारेत फरक याहून मोठा आहे. अमेरिकन ३० गेज म्हणजे ०.२५ मिलिमीटर, आपले ३० गेज ०.३१ च्या वर. इथे आपली ३३ गेजची तार लागते. जो कारागीर कागदावरचा आकडा वाचून दुकानातून "३० नंबर" मागेल, त्याचे फेरे रिळात मावणार नाहीत. फेरे कमी करून बसवले तर रोध फार घटेल आणि धरण्याचे वायंडिंग तापत राहील. म्हणून आकड्यावर न जाता जुन्या तारेचे इनॅमल खरवडून मायक्रोमीटरने माप घ्यावे आणि फेरे मोजून भरावेत. दोन वायंडिंग कशी जोडली आहेत आणि तिसरे टोक कुठून निघते ते उकलण्यापूर्वी कागदावर काढून ठेवावे. कॉइलवर डायोड लावलेले असतील तर त्यांच्या पट्टीची दिशाही लिहून ठेवावी. उलटा लावलेला डायोड पुढचे सर्किट घेऊन जातो.

व्होल्टेजबद्दल थोडेसे. ही यंत्रे मुळात ११५-१२० व्होल्ट, ६० सायकलच्या विजेवर चालणारी. आपली वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. निर्यातीसाठी बनलेल्या यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरला बहुधा दोन्ही जोडण्या असतात. नसतील तर पुरेशा ताकदीचा स्टेपडाऊन लावावा. छोट्या मिक्सरचा स्टेपडाऊन लावला तर फटक्याच्या क्षणी व्होल्टेज बसते आणि दोष फ्लिपरवर येतो. जुन्या रिलेवाल्या बऱ्याच यंत्रांत ट्रान्सफॉर्मरला एक जादा 'हाय टॅप' असतो. ज्या भागात विजेचा दाब कमी असे तिथे मालकाने तार या टॅपवर घ्यावी म्हणून कंपनीने ती सोय ठेवली होती. विजेचा दाब खरोखर कमी असेल तर ती जरूर वापरावी. पण घाणेरड्या पॉइंटवर उपाय म्हणून वापरू नये. पुढे कोणी पॉइंट साफ केले की तोच फ्लिपर इतका जोरात बसतो की प्लॅस्टिकचे भाग तडकतात, लिंक तुटते आणि गोळी काचेवर आदळते. मोठ्या नंबरचा फ्यूज किंवा फ्यूजऐवजी तारेचा तुकडा घालणे हे तर लाकडी पेटीला आग लावण्याचे काम आहे.

आणखी एक गोष्ट दुरुस्तीत न मोडणारी, पण तक्रारीत येणारी. तक्त्याचा उतार. रिलेच्या काळातील यंत्रांना साधारण साडेतीन अंशांचा उतार अपेक्षित होता, पुढच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना साडेसहाच्या आसपास. कोणी जुन्या यंत्राचे मागचे पाय नव्यासारखे उंच केले तर धडधाकट फ्लिपरही दुबळा भासतो. गोळी साधारण ८० ग्रॅमची असते, तिला चढ चढवणे आले. पाय खाली केले की तक्रार संपते.

खेळ की जुगार?

हा प्रश्न आपले वाचक विचारणारच, आणि विचारायलाही हवा. त्याचे उत्तर काही अंशी फ्लिपरमध्येच आहे. सुरुवातीच्या पिनबॉलला फ्लिपर नव्हतेच. गोळी सोडायची आणि खिळ्यांमधून ती कुठे जाईल ते पाहायचे. बऱ्याच ठिकाणी त्यावर पैसे लागत आणि काही यंत्रे तर स्वतःच पैसे देत. म्हणूनच १९४२ साली न्यूयॉर्क शहराचे महापौर ला गार्डिया यांनी त्यावर बंदी घातली आणि पोलिसांकरवी यंत्रे हातोड्यांनी फोडून घेतली. फ्लिपर आला त्यानंतर, १९४७ साली, गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात; तो हॅरी मॅब्ज यांनी आणला आणि त्या यंत्रावर एकूण सहा होते. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या 'ट्रिपल ॲक्शन' मध्ये स्टीव्ह कॉर्डेक यांनी दोनच फ्लिपर तळाशी ठेवले. न्यूयॉर्कची बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या खेळाडूने नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखवले, गोळी कुठून जाणार हे आधी सांगून ती तिथून घालवली, आणि हा नशिबाचा नव्हे, हाताच्या कौशल्याचा खेळ आहे हे समितीला पटले.

आपल्याकडील १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही केवळ कौशल्याच्या खेळाला जुगार मानत नाही. तरी करमणुकीच्या जागेसाठी परवाना लागतो, हे धंद्यात उतरणाऱ्याने ध्यानी ठेवावे. शरीअतच्या दृष्टीने पैशांची पैज हा मुख्य मुद्दा आहे. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराची मनाई स्पष्ट आहे. त्यापलीकडे, खेळाच्या यंत्रांची दुरुस्ती व व्यापार याबाबत ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. हे पान फतव्याचे नाही. कारागिराच्या माहितीसाठी एक खूण मात्र सांगता येते. बॅलीने १९५० च्या दशकात 'बिंगो' नावाची पिनबॉलसारखी दिसणारी यंत्रे काढली. त्यांना फ्लिपर नसतात. तक्त्यावर पंचवीस भोके आणि मागच्या काचेवर आकड्यांचे चौकोन असतात. ती उघड जुगारासाठीच वापरली गेली. असे यंत्र दुकानात आले तर ते पिनबॉल समजून हाती घेऊ नये.

मजुरीचे काय?

या कामातली अडचण अशी की खरी दुरुस्ती दिसत नाही. पॉइंट घासले, पत्ती वाकवली, नळी बदलली. गिऱ्हाइकाला वाटते, यात पैसे कसले? मग कारागिराला मोह होतो की चांगली कॉइल काढून नवी घालावी, जुनी दाखवावी आणि बिल करावे. असे केल्याने यंत्र सुधारत नाही, कारण काळा पॉइंट तिथेच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन येते, किंवा येतच नाही. त्यापेक्षा तपासणीची मजुरी वेगळी ठरवून काम हाती घेण्यापूर्वीच सांगावी. काम सुरू करताना दोन्ही फ्लिपरच्या कॉइलचे ओहम, पुरवठ्याचे व्होल्ट आणि गोळी कुठवर जात होती हे एका पुठ्ठ्यावर लिहावे. काम झाल्यावर तेच तीन आकडे पुन्हा घेऊन खाली लिहावेत आणि पुठ्ठा पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून द्यावा. कॉइलचे ओहम दोन्ही वेळा जवळपास सारखेच येतील, गोळी मात्र पूर्वी अर्ध्यावरून परतत होती ती आता वरच्या कमानीपर्यंत जाईल. पुढच्या वेळी यंत्र उघडणाऱ्या मिस्त्रीलाही, मग तो आपल्या दुकानातला असो वा दुसऱ्या, सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळते.